भूमितीच्या गणितात कोऑर्डिनेट लावले तर बिघडते का? (त्रिकोण १३-१४-१५, वर्तुळ आणि ६५)

म्हापशाची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, आयओक्यूएमची (गणित ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीची परीक्षा) तयारी करते. शिकवणीत तिला हे गणित दिले होते:

त्रिकोण अबक मध्ये अब = १३, बक = १४, कअ = १५. कोन अ चा दुभाजक परिवर्तुळाला (अ, ब, क मधून जाणाऱ्या वर्तुळाला) पुन्हा म मध्ये छेदतो. स हा त्रिकोणाचा अंतर्मध्य, म्हणजे अंतर्वर्तुळाचा केंद्रबिंदू. तर सम या अंतराचा वर्ग किती?

तिने ब ला (०, ०) आणि क ला (१४, ०) धरले. मग अ आला (५, १२), अंतर्मध्य स आला (६, ४) आणि म आला (७, −४). उत्तर १ + ६४ = ६५. छापील उत्तरही ६५ च. तरी वहीवर लाल शेरा: "ही भूमिती नव्हे." तेव्हापासून बाईसाहेब रुसून बसल्या आहेत.

माझे गणित बी. कॉम. पुरते, म्हणून इथे विचारते. शेरा बरोबर आहे का? आणि ज्यांना भूमिती "दिसते" त्यांना नेमके दिसते तरी काय? आकृतीत नसलेली रेघ कुठे मारायची हे ही माणसे ठरवतात कशी?

पोदेर_पावला
६५ आले ना? मग उंडो (पाव) खा आणि पुढचे गणित घे. ओएमआरवर शेरा मारायला कोणी येत नाही.

फोंड्याची_मास्तरीण
पोदेरबाब अर्धे खरे बोलले. आयओक्यूएममध्ये ३० प्रश्न, ३ तास, प्रत्येक उत्तर ०० ते ९९ मधला पूर्णांक. गोळे काळे करायचे, रीत कोणी बघत नाही. पण पुढच्या पायरीवर, आरएमओत (प्रादेशिक गणित ऑलिंपियाड), ६ प्रश्नांना ३ तास असतात आणि सिद्धता पूर्ण लिहावी लागते. तिथेही कोऑर्डिनेटने केलेली सिद्धता चालते, अट एवढीच की ती शेवटपर्यंत गेली पाहिजे. भूमितीच्या वाटेने अर्धे अंतर चालून एखादी कामाची गोष्ट सिद्ध केली तर तिचे काही तरी गुण मिळतात. तीन पाने समीकरणे लिहून मध्येच अडकले तर हाती बहुधा भोपळा. शेऱ्यामागे ही काळजी असेल, पण शब्द चुकले.

आता रेघ मारायची वाट. म पासून ब ला जोडा, ब पासून स ला जोडा.

कोन मबक आणि कोन मअक एकाच कंसावरचे, म्हणून कोन मबक = अर्धा अ. त्यात कोन कबस म्हणजे अर्धा ब मिळवला की कोन मबस = अर्धा अ + अर्धा ब.
कोन मसब हा त्रिकोण असब चा बाह्यकोन. तोही अर्धा अ + अर्धा ब.
म्हणून मब = मस. मक पण तेवढाच. म्हणजे म हा ब, स आणि क या तिघांतून जाणाऱ्या वर्तुळाचा केंद्रबिंदू.

पुढे अबमक या चक्रीय चौकोनाला (चारही शिरोबिंदू एकाच वर्तुळावर) टॉलेमीचे प्रमेय लावा, म्हणजे कर्णांचा गुणाकार = समोरासमोरच्या बाजूंच्या गुणाकारांची बेरीज: अम × १४ = १३ × मक + १५ × मब = २८ × मब. म्हणजे अम = २ मब = २ मस. स हा अम चा मध्यबिंदू निघाला! आता अस काढला की संपले. क्षेत्रफळ ८४, अर्धपरिमिती २१, म्हणून अंतर्त्रिज्या ४. अ पासून अंतर्वर्तुळाला काढलेला स्पर्शिकाखंड २१ − १४ = ७. अस² = ४९ + १६ = ६५.

म्हापशाची_आई
धन्यवाद मॅडम. तिला वाचून दाखवले. म्हणते, पटले सगळे, पण "मब = मस असेल" हा संशय आधी यायचा कुठून? सिद्ध करणे पुढची गोष्ट.

कर्कटक
हा प्रश्न लाखाचा आहे. माझे उत्तर: आकृती मोठी काढ. वहीच्या कोपऱ्यात सुपारीएवढी काढतात आणि मग काही दिसत नाही म्हणून रडतात.

आधी वर्तुळ काढ, मग त्यात त्रिकोण बसव. त्रिकोण काढून वर्तुळ शोधायला गेलीस की ते हमखास एका शिरोबिंदूला चुकवून जाते. त्रिकोण समद्विभुज दिसणार नाही, काटकोनही दिसणार नाही असा घे, नाहीतर नसलेल्या समानता दिसायला लागतात. आरएमओला पट्टी आणि कर्कटक चालते, कोनमापक चालत नाही, म्हणून घरी पण कोनमापक पेटीतच राहू दे. मग कर्कटकाचे टोक म वर ठेव, पेन्सिल ब पर्यंत उघड आणि फिरव. कंस स मधून गेला की संशय तिथेच येतो.

डिचोलीचे_जुने_मास्तर
कर्कटकराव, आकृतीवर एवढा भरवसा ठेवू नका. याच म बिंदूने भल्याभल्यांना फसवले आहे.

पूर्वी आम्ही वर्गात एक खेळ करायचो. फळ्यावर "सिद्ध" करायचे की प्रत्येक त्रिकोण समद्विभुज असतो. कोन अ चा दुभाजक आणि बक चा लंबदुभाजक यांचा छेदनबिंदू घ्या. फळ्यावर तो त्रिकोणाच्या आत दाखवायचा. तिथून अब वर लंब मच आणि अक वर लंब मछ टाका. दुभाजकामुळे अच = अछ आणि मच = मछ. लंबदुभाजकामुळे मब = मक. मग एकरूपतेने बच = कछ. बेरीज केली की अब = अक. पोरे गप्प. एकेक पायरी तपासतात आणि चूक कुठे सापडत नाही.

चूक फक्त चित्रात असते. तो छेदनबिंदू आत नसतोच, तो परिवर्तुळावर असतो, बक च्या पलीकडे. तोच आपला म. त्यामुळे एका लंबाचा पाय बाजूवर पडतो आणि दुसऱ्याचा बाजूच्या बाहेर. आपल्याच त्रिकोणात बघा: अच = अछ = १४. च पडतो ब च्या पुढे १ वर आणि छ पडतो क च्या अलीकडे १ वर. एकीकडे १४ − १ = १३, दुसरीकडे १४ + १ = १५. बेरीज खरी, फक्त एका बाजूला ती वजाबाकी आहे.

आणि आता गंमत. अंतर्वर्तुळाचा स्पर्शबिंदू अ पासून ७ वर, त्रिज्या ४. म चा लंबपाद अ पासून १४ वर, म्हणजे दुप्पट. म्हणून मच = ८ आणि स हा अम चा मध्य. मब² = ८² + १² = ६५. टॉलेमीला हाक मारायचीही गरज पडली नाही.

सांजवेळ
चित्रात घरात आणि प्रत्यक्षात बाहेर? मास्तर, तुम्ही आमच्या घोवाला ओळखता काय?

पोदेर_पावला
बाहेर म्हणजे परिवर्तुळावरच ना, ताई? मग फार लांब गेलेला नाही. जेवायच्या वेळेला येईल.

तिसवाडीकर
मी इंजिनियर माणूस, मला ही सोवळ्याची भूमिती कधी पटली नाही. रेघ सुचली तर शहाणपण आणि गणित करून काढले तर हमाली, हा कुठला न्याय?

मुलीने काय केले ते जरा नीट बघा. तिच्या वहीत तीन बिंदू आहेत: (५, १२), (६, ४), (७, −४). दर वेळी आडवे १ पुढे, उभे ८ खाली. म्हणजे स हा अम चा मध्यबिंदू आहे हे तिच्या वहीत आधीपासून लिहिलेले होते, टॉलेमीशिवाय. शेरा मारणाऱ्याने तेवढे दाखवले असते तर मुलगी रुसली नसती, वर स्वतःच पुढचा प्रश्न विचारला असता: हे नेहमी होते की याच त्रिकोणात?

डिचोलीचे_जुने_मास्तर
तिसवाडीकर, तुमच्या बाजूने एक साक्षीदार आणतो. भास्कराचार्यांच्या लीलावतीत हाच त्रिकोण आहे. भूमी १४, भुजा १३ आणि १५. तिथे लंब टाकून भूमीचे दोन तुकडे काढतात, ५ आणि ९. त्यांना आबाधा म्हणतात. लंब येतो १२. पोरीने ब ला (०, ०) धरून अ ला (५, १२) वर ठेवले म्हणजे तिने आबाधा आणि लंबच काढले. १२ व्या शतकात ती भूमिती होती, आज शिकवणीत का नसावी?

म्हापशाची_आई
मास्तर, हे वाचून बाईंचा राग निम्मा गेला. तिसवाडीकरांचा प्रश्न मात्र तिने उचलला आहे. नेहमी मध्यबिंदू येतो का?

फोंड्याची_मास्तरीण
नाही. टॉलेमीची ओळ परत बघ, बाळा. १४ च्या जागी बक आणि २८ च्या जागी अब + अक ठेव. अम हा मब च्या दुप्पट कधी होईल? अब + अक = २ बक असेल तेव्हाच. १३ + १५ = २८, म्हणून इथे जमले. ६, ७, ८ चा त्रिकोण घे, बक = ७ ठेव, तिथेही जमेल.

आणखी एक: मध्यबिंदू असेल तर परिकेंद्र प पासून स ला जोडलेली रेघ अम ला लंब असते, कारण केंद्रातून जीवेच्या मध्याला जाणारी रेघ जीवेला लंब असते. हे "सिद्ध करा" म्हणून विचारले तर बिनआकड्यांचे आरएमओ छाप गणित तयार.

पेडण्याचो_भाचो
उशिरा आलो. मी आता कॉलेजात आहे, पण आयओक्यूएम दिलेली आहे. आठवतेय का, २०२४ ची परीक्षा ८ सप्टेंबरला होती आणि चवथ ७ ला! अख्ख्या गोव्यात दीड दिवसाचे विसर्जन, घरात पाहुण्यांची रीघ, आणि आपण सकाळी हॉल तिकीट घेऊन केंद्रावर. आजी म्हणाली, "गणपतीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवणाऱ्याला बुद्धी दे रे देवा." आरतीच्या वेळी माझ्या डोक्यात चक्रीय चौकोन.

मुद्द्याचे बोलतो. आमच्या दहावीच्या पुस्तकात वर्तुळाच्या धड्यात स्पर्शिकेची दोनच प्रमेये: स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, आणि बाहेरच्या बिंदूपासूनचे दोन स्पर्शिकाखंड समान असतात. त्यावर ऑलिंपियाडची भूमिती उभी राहत नाही. माझा मामा सावंतवाडीला. मामेभावाचे महाराष्ट्र बोर्डाचे दहावीचे गणित भाग २ उचलून आणले. त्यात अंतर्लिखित कोन, चक्रीय चौकोन, स्पर्शिका आणि जीवेमधला कोन, छेदिकांचे गुणाकार, सगळे एका धड्यात सिद्धतेसकट. मराठीत प्राथमिक झालेली असल्याने वाचायला त्रास नव्हता. पत्रादेवीच्या सीमेपलीकडे एवढा खजिना आहे हे शाळेत कोणी सांगितले नव्हते.

सांजवेळ
चवथीचा विषय निघालाच आहे तर विचारते. माटोळीचा (गणपतीच्या वर फळे-नारळ टांगायची चौकट) चौकोन चक्रीय असतो काय?

कर्कटक
आयत असेल तर नेहमीच. समोरासमोरचे कोन मिळून १८०°. आमच्या घरची माटोळी नारळाच्या घडाने एका बाजूला वाकते, तेव्हा सांगता येत नाही.

पोदेर_पावला
आणि नेवऱ्या म्हणजे अर्धवर्तुळ. अर्धवर्तुळातला कोन काटकोन. झाली तयारी.

खाजनातला_बेडूक
चवथ आटोपली असेल तर माझी एक शंका. या गणितात ६५ फार ठिकाणी येतो. परित्रिज्या ६५/८. सम² = ६५. अस × सम पण ६५. आणि मुलीच्या आकड्यांवरून मी परिकेंद्र काढले, (७, ३३/८), तर पस² = ६५/६४. योगायोग?

फोंड्याची_मास्तरीण
योगायोग नाही. स मधून जाणारी कुठलीही जीवा घेतली तरी तिच्या दोन तुकड्यांचा गुणाकार तोच येतो. अम ही एक जीवा, प आणि स मधून जाणारा व्यास ही दुसरी. व्यासावर तुकडे होतात परित्रिज्या + पस आणि परित्रिज्या − पस, म्हणजे गुणाकार परित्रिज्येचा वर्ग वजा पस². आणि अस × सम नेहमी २ × परित्रिज्या × अंतर्त्रिज्या इतका असतो. इथे २ × ६५/८ × ४ = ६५. म्हणून

पस² = परित्रिज्या² − २ × परित्रिज्या × अंतर्त्रिज्या = ४२२५/६४ − ६५ = ६५/६४.

याला ऑयलरचे सूत्र म्हणतात, पण चॅपल नावाच्या इंग्रज गृहस्थाने ते १७४६ मध्येच छापले होते. वर्ग ऋण असू शकत नाही, म्हणून परित्रिज्या ही अंतर्त्रिज्येच्या दुपटीहून कधीच लहान नसते. आणि या सगळ्याच्या मुळाशी तेच मब = मस.

तिसवाडीकर
बरे, हे सुंदर आहे, मान्य. पण मॅडम, सुंदर गोष्टी निवडून दाखवल्यात. परीक्षेत घड्याळ चालू असते. माझा नियम साधा: बाजू आकड्यांत दिल्या आहेत, लंब पूर्णांकात येतो आहे, वर्तुळ एकच आहे, तर सरळ कोऑर्डिनेट.

पेडण्याचो_भाचो
आयओक्यूएमला १००% सहमत. आरएमओला नाही. तिथे दोन-तीन वर्तुळे असतात, एकमेकांना दुसऱ्यांदा कुठे छेदतात ते विचारतात, वर कोनदुभाजकही असतो. दुभाजक आला की वर्गमूळ आले, आणि सगळी अक्षरेच असतील तर पान भरेपर्यंत कळत नाही आपण कुठे चाललो आहोत. १३-१४-१५ मध्ये अंतर्मध्य (६, ४) असा गोजिरवाणा आला कारण गणित रचणाऱ्याने तो तसा आणला.

पण "सुचायचे कसे" याला कर्कटकरावांचे उत्तर अर्धेच वाटले. मोठी आकृती हवीच. मला उपयोग झाला तो वेगळ्या सवयीचा. सुटलेल्या गणिताच्या खाली उत्तर न लिहिता आकृतीतला एकच मुख्य बिंदू लिहायचा. "कंसाचा मध्य." "लंबसंपाताचे (तिन्ही शिरोलंब मिळतात त्या बिंदूचे) प्रतिबिंब." "दोन वर्तुळांची सामाईक जीवा." "दोन काटकोन एकाच रेषाखंडावर, म्हणजे तो व्यास." काही महिन्यांनी लक्षात येते की हे पाहुणे तेच तेच आहेत, फक्त प्रत्येक वेळी नवे कपडे घालून येतात. कोनदुभाजक आणि परिवर्तुळ एका वाक्यात दिसले की माझा हात आपोआप म वर जातो. याला प्रतिभा वगैरे काही लागत नाही, ओळख वाढवावी लागते.

डिचोलीचे_जुने_मास्तर
भाच्याशी सहमत, पण भीती सांगतो. हल्ली पोरे अशा प्रमेयांची यादी नावांसकट पाठ करून येतात. विचारले "का?" तर "सर, हे माहीतच असते." मग उत्तरपत्रिकेत नाव लिहून मोकळे. नाव विसरले की हात वर. मब = मस ही तीन ओळींची सिद्धता आहे. दर वेळी लिहिली तरी दोन मिनिटे जातात.

खाजनातला_बेडूक
जिओजेब्रा (संगणकावर आकृत्या काढायचे सॉफ्टवेअर) का कोणी सुचवत नाही? बिंदू ओढून बघितला की काय हलते आणि काय हलत नाही ते डोळ्यांसमोर येते.

कर्कटक
घरी जरूर. पण आधी हाताने. संगणकाने काढलेल्या आकृतीत सगळेच खरे दिसते, म्हणून काय सिद्ध करायचे राहिले आहे तेच कळेनासे होते.

मुलीसाठी नवे गणित देतो, त्रिकोण तोच. अ मधून बक वर लंब, पाय ड. लंब पुढे वाढवून परिवर्तुळाला य मध्ये भेटवा. ल हा लंबसंपात. लय ची दुप्पट किती? अट: कोऑर्डिनेट बंद.

तिसवाडीकर
अट मला लागू नाही असे समजतो. १५.

म्हापशाची_आई
तिने लिहिले आहे तसे टाईप करते:

"कोन यबक = कोन यअक, एकाच कंसावर. तो ९०° − क. कोन लबक पण ९०° − क, कारण बल ही अक ला लंब आहे. म्हणून बड दोन्हींच्या मधोमध, आणि डल = डय. अड × डय = बड × डक, म्हणजे १२ × डय = ५ × ९. डय = १५/४. लय = १५/२. दुप्पट १५. काका, ५ आणि ९ मी आबाधा म्हणून घेतले, कोऑर्डिनेट म्हणून नाही."

पोदेर_पावला
वकील होणार ही.

फोंड्याची_मास्तरीण
शाबास! कोनांवरून प्रतिबिंब पकडलेस, तेच हवे होते. आता हेच बिनआकड्यांचे लिही, कोणत्याही लघुकोन त्रिकोणासाठी. आणि "लघुकोन" हा शब्द सिद्धतेत नेमका कुठे वापरला तिथे खूण कर.

कर्कटक
आणि खूण सापडली की कोन ब विशालकोन कर. ड बाजूच्या बाहेर जाईल, ल बक च्या खाली जाईल आणि य वर येईल, अ च्या बाजूला. डल = डय तरीही खरे राहते, पण तुझी पहिली ओळ जशीच्या तशी चालत नाही. कुठला कोन कुठल्या कोनाचा पूरक होतो ते लिहून पाठव. ते जमले की दिशायुक्त कोनांकडे (फिरण्याच्या दिशेसकट मोजलेले कोन) वळू, म्हणजे दोन आकृत्यांसाठी दोन सिद्धता लिहायची कटकट संपेल.